हॉर्नचा फ्यूज

"हॉर्न दाब," आप्पा बॉनेटखालून ओरडले.

मी दाबला. हॉर्न वाजला, पण घसा बसल्यासारखा. समोर गोठ्याच्या भिंतीवर पडलेला हेडलाईटचा उजेड त्याच क्षणी मिणमिणता झाला.

"आता ब्रेक."

ब्रेक दाबला, तर डॅशबोर्डवरचा इंडिकेटरचा हिरवा दिवा आपोआप उजळला. इंडिकेटर मी लावलाच नव्हता.

"बघ," आप्पा हात पुसत खिडकीशी आले. "दाबायचं एक आणि पेटायचं दुसरंच. कोल्हापूरच्या मिस्त्रीनं नवाकोरा आल्टरनेटर घातला, चार दिवस बरी चालली, पुन्हा तेच. कुणाची तरी नजर लागलीय गाडीला."

"नजरेला व्होल्टेज नसतं, आप्पा."

"आली का बीएस्सी!" ते हसले. पण हसू लगेच मावळलं. गुऱ्हाळं पेटली होती. आमच्या पिकअपमधून गुळाचे रवे मार्केट यार्डात जात, आणि त्या आठवड्यात गाडी दोनदा वाटेत बंद पडून सौदे हुकले होते. अजून एकदा असं झालं असतं, तर गुऱ्हाळवाल्यांनी दुसरी गाडी बघितली असती.

आई दारातून म्हणाली, "बळवंतभाऊजींना बोलवा की. नाक कापलं जातंय काय तुमचं?"

"त्याचं नाव काढू नकोस."

"मीच काढणार. दुसरं कोण काढतंय ह्या घरात?"

आप्पांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं.

बळवंत लोहार म्हणजे आमचे बळवंतकाका. आमच्या गावाकडचा रस्ता हायवेला मिळतो त्या तिट्ट्यावर त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तरुणपणी ते आणि आप्पा एकाच ट्रकवर क्लीनर होते, एकाच ताटात जेवलेले. पुढे आप्पा स्टेअरिंगवर गेले आणि काका वायरिंगमध्ये. आमची डिझेल पिकअप तिट्ट्यावरून जाताना आप्पा दोनदा हॉर्न मारत. काका पाठमोरे असले तरी वळून बघत नसत, हातातला टेस्टर तेवढा डोक्याच्या वर उचलत. आमच्या गाडीचा आवाज त्यांना कळायचा. लहानपणी मला वाटायचं, टेस्टरच हॉर्न ऐकतो.

खंडेनवमीला आमची गाडी त्यांच्या दुकानासमोर उभी राहायची. काकांचा मीटर, सोल्डरिंग आयर्न, पक्कडी आणि आमची गाडी यांची पूजा एकत्र व्हायची. हत्यारांना हळद-कुंकू आप्पांनी लावायचं, गाडीला काकांनी. त्या वर्षीही तसंच झालं. दसऱ्याच्या आधी आप्पांनी सगळी गाडी स्वतः रंगवली होती. गाडीखालची लोखंडी चासीसुद्धा खरवडून, धुऊन काळीभोर केली होती. काकांनी तेवढ्यात बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर काढून त्याच्या आतलं तांब्याच्या तारेचं वायंडिंग नवं भरलं. पूजेला नारळ फोडताना काका म्हणाले होते, "जोत्या, नवरीगत दिसतीय रे गाडी. कुणी रंगवली?"

"बापानं," आप्पा म्हणाले होते. "तुझ्या पोरीलाबी असा रंग मिळणार न्हाई."

"मला पोरगी न्हाई मर्दा."

"म्हणून तर म्हणालो."

दहाबारा दिवसांनी गाडीनं खोड्या सुरू केल्या. हेडलाईट मंद, स्टार्टर मारला की नुसतं टक्. शेवटचा हात आल्टरनेटरला लागलेला, म्हणून संशय आल्टरनेटरवर. काका नेमके एका लग्नाला गेले होते, आणि आप्पांना घाई होती. गाडी कोल्हापूरच्या एका मिस्त्रीकडे गेली. त्यानं आल्टरनेटर उघडला, नाक मुरडलं आणि विचारलं, "कुणी भरलाय हा? जुनी तार घातलीय आत." त्याला नवा विकायचा होता, हे आम्हाला नंतर सुचलं.

परत येताना मी गाडीत होते. आप्पांनी तिट्ट्यावर हॉर्न मारला नाही. दुकानासमोर गाडी उभी केली, जुना आल्टरनेटर उचलला आणि काकांच्या टेबलावर आदळला. टेबलावरचे स्क्रू उडून खाली सांडले. दुकानात एक ट्रॅक्टरवाला आणि डेअरीच्या टेम्पोची दोन माणसं होती.

"बळ्या, तार जुनी घातलीस."

"कोण म्हणालं?"

"उघडून बघितलंय."

"तू बघितलंस?"

"बघणाऱ्यानं बघितलं."

काकांनी एकदा ट्रॅक्टरवाल्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "जोत्या, बस. चहा घे. मग बोलू."

"तुझा चहा नको मला. एका ताटात जेवलेला माणूस तू, आणि मला गिऱ्हाईक केलंस?"

काका वाकून स्क्रू वेचू लागले. टेम्पोवाल्यांपैकी एकजण हसला. काकांनी आल्टरनेटर फडक्यानं पुसला आणि मागच्या फळीवर ठेवला. चार दिवसांत ही गोष्ट प्रत्येक गुऱ्हाळावर पोचली होती, आणि पोचवणारे आप्पाच होते.

तर त्या सकाळी गाडी दारात उभी होती, नवा आल्टरनेटर बसूनही तसाच आजार होता, आणि काकांचं नाव काढायचं नव्हतं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, एम.एस्सी.चा प्रवेश त्या वर्षी हुकला होता. माझ्याकडे कॉलेजच्या दिवसांतला एक पिवळा मीटर होता.

"मी बघू?"

"बघ बाई. एवढ्यांनी बघितलं, तू एक राहिलीस." आप्पांनी बॉनेटच्या कडेवरून एक काळी केबल उचलून माझ्याकडे टाकली. "ही पण घे. ॲक्सिलरेटरची. ह्या महिन्यातली दुसरी. जाम होतीय सारखी. सगळा डुप्लिकेट माल."

केबल हातात घेऊन मी पायरीवर बसले. पायानं ॲक्सिलरेटर दाबला की ही तार ओढली जाते, एवढंच तिचं काम. विजेशी तिचा काहीएक संबंध नाही. पण तिचं प्लास्टिकचं वेष्टण वितळलं होतं, आणि तेही आतून. बाहेरून उष्णता लागली असती तर वरचा थर आधी गेला असता. इथे आतली पोलादी तारच तापली होती.

दिवे, स्टार्टर, हॉर्न हे सगळं मी विसरले. जिच्यातून वीज जातच नाही ती तार आतून का तापते, हा एकच प्रश्न उरला.

वीज जात असेल तर तापेल. कधी जाईल? दुसरी वाट बंद असेल तर. स्टार्टर इंजिनाला किक देतो तेव्हा बॅटरीतून प्रचंड करंट निघतो आणि त्याला इंजिनामधून बॅटरीकडे परत यावं लागतं. इंजिन बसलेलं असतं रबरावर; रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. मिस्त्री लोक तिला अर्थची पट्टी म्हणतात. ती वाट अडली, तर करंट मिळेल तिथून घुसणार. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये दुसरं काय धातूचं होतं? ही बिचारी केबल.

मी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनाला. "आप्पा, स्टार्टर मारा."

टक्.

मीटरवर जवळजवळ पाच व्होल्ट आले. तिथे शून्याच्या आसपास काहीतरी यायला हवं होतं. मग दुसरी पिन चासीला लावली. "पुन्हा मारा."

टक्. या वेळी काहीच नाही. म्हणजे बॅटरीपासून चासीपर्यंत वाट मोकळी होती, आणि चासीपासून इंजिनापर्यंत अडलेली.

"सापडलं," मी म्हणाले. माझा आवाज आनंदानं चिरकला. "पाना द्या."

पट्टीचा चासीकडचा बोल्ट सैलच होता. काढला, पट्टी बाजूला केली. खालची जागा नितळ काळी होती. ब्रशचा एक ओघळ नाही, एक बुडबुडा नाही. मी स्क्रूड्रायव्हरनं ओरखडा काढला. काळ्याखाली तांबडं अस्तर. अस्तराखाली, खूप खाली, लोखंड.

आप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"पट्टी काढून आत रंगवलं होतं तुम्ही?"

"तिथं दरवर्षी गंज धरतोय," ते हळू म्हणाले. "म्हणून काढूनच मारला. आधी अस्तर, मग दोन हात."

"रंगातून वीज जात नाही, आप्पा."

"मग दहाबारा दिवस कशी चालली?"

"बोल्टच्या आट्यांतून थोडी जात असणार. हादऱ्यांनी बोल्ट सैल झाला, तेवढीही गेली. कोल्हापूरला आल्टरनेटर बसवताना मिस्त्रीनं हा बोल्टही आवळला असेल, म्हणून परत चार दिवस."

मी कानस घेऊन ती जागा घासली. काळा चुरा, तांबडा चुरा, मग चांदीसारखं लोखंड. बोल्ट घट्ट आवळला. "मारा आता."

अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं. भिंतीवर उजेडाची दोन पांढरी वर्तुळं उभी राहिली. मी हॉर्न दाबला तर गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. मी हसत आप्पांकडे वळले, तर त्यांनी इंजिन बंद केलं होतं.

"म्हणजे बळ्याचा आल्टरनेटर चांगला होता."

"हो."

"आणि तार?"

"तारेचा ह्यात काही संबंधच नव्हता."

ते नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत बसले. मग आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"चल," ते मला म्हणाले.

तिट्टा जवळ आला तसा आप्पांचा हात हॉर्नवर गेला. दाबला मात्र नाही. दुकानात काका एका ट्रॅक्टरच्या डायनामोत डोकं घालून बसले होते. बाकावर दोन माणसं थांबली होती. आप्पांनी त्या बाकावर कधी बूड टेकलं नव्हतं. ते सरळ आत जाऊन बॅटरीच्या उलट्या खोक्यावर बसत आणि काकांच्या डब्यातली तंबाखू न विचारता घेत. त्या दिवशी ते दारात उभे राहिले.

काकांनी वर पाहिलं. "या," ते म्हणाले. "बसा. नंबर हाय."

आप्पा बाकावर बसले. मी त्यांच्याशेजारी. समोर फळीवर आमचा जुना आल्टरनेटर होता, अजून तिथेच, धूळ न बसलेला. माणसं येत-जात राहिली. कुणीतरी आप्पांना विचारलं, "काय खोतसाहेब, आज बाकावर?" आप्पा म्हणाले, "नंबर लागलाय न्हवं."

नंबर आला तेव्हा काका टेस्टर घेऊन गाडीशी आले. "काय होतंय?"

"अर्थचं..." आप्पा म्हणाले आणि थांबले. "बघ तू."

काकांनी बॉनेट उघडलं. काळ्याभोर चासीवर तो एक घासलेला चकाकता ठिपका लांबूनही दिसत होता. काका त्याच्याकडे पाहत राहिले. अंगठ्यानं कड चाचपली, जिथे रंगाचे थर पायरीसारखे दिसत होते. सगळी गोष्ट तिथे लिहिल्यासारखी होती आणि ती त्यांना वाचता येत होती.

"कुणी केलं?" त्यांनी मला विचारलं.

"मी."

"चांगलं केलंस. वरनं ग्रीस लाव, न्हाईतर गंजतंय." त्यांनी बॉनेट खाली घेतलं, दाबून बंद केलं. मग आप्पांना म्हणाले, "गाडीला काय झालेलं न्हाई."

"बळ्या, मी..."

"मागं ट्रॅक्टर थांबलाय. गाडी जरा बाजूला घ्या."

आप्पांनी गाडी बाजूला घेतली. चढावर नेऊन थांबवली. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"बोलला न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही कुठं बोललात?"

"बोलणारच होतो की. चार माणसं होती तिथं."

मला म्हणायचं होतं की आल्टरनेटर आदळला तेव्हाही माणसं होतीच. पण मी खिडकीबाहेर पाहिलं.

ते परत एकटे जाऊन बोलतील, असं आईला वाटत होतं. मलाही वाटत होतं. ते गेले नाहीत. दोनतीन आठवड्यांनी मात्र गाडीचा हॉर्न बंद पडला.

"फ्यूज उडालाय," आप्पा म्हणाले.

"दाखवा, मी बघते."

"तुला काय करायचंय? बळवंत बघंल."

ते तिट्ट्यावर गेले आणि तासाभरानं हॉर्न दुरुस्त करून आले. पुढच्या महिन्यात परत तेच. नंतरही परत. आता मला चैन पडेना. फ्यूज म्हणजे काचेच्या नळीतली एक बारीक तार. करंट बेसुमार झाला तर ती स्वतः वितळते आणि बाकीचं वाचवते. एकच फ्यूज पुनःपुन्हा उडतो याचा अर्थ त्याच्या पुढे कुठंतरी तार सोललेली आहे आणि लोखंडाला चाटते आहे. स्टेअरिंगखाली असेल, बॉनेटच्या कडेला असेल. आप्पा जेवायला बसले की मी हॉर्नची वायर टोकापासून टोकापर्यंत हातानं चाचपत जायची. कुठेही सोललेली नव्हती. हॉर्न मोजला, त्यानं जेवढा करंट घ्यावा तेवढाच तो घेत होता.

"उडालेला फ्यूज कुठाय? मला बघायचाय."

"टाकला की. उडालेला फ्यूज काय देवघरात ठेवू?"

एकदा मी हट्टानं सोबत गेले. आप्पा बाकावर बसले, नंबर आल्यावर उठले. काकांनी फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं, आत पाहिलं, स्वतःच्या खणातून नवा फ्यूज काढून बसवला. हॉर्न वाजवून पाहिला.

"झालं."

"कशानं उडत असंल?" आप्पांनी विचारलं.

"जुनी गाडी हाय."

"पुन्हा उडंल काय?"

काकांनी फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं. "उडू शकतो," ते म्हणाले.

आप्पा मान हलवून पानाच्या टपरीकडे गेले. मी तेवढ्यात काकांना गाठलं. "काका, हे बरोबर नाही. फ्यूज उडतो म्हणजे कुठंतरी शॉर्ट असणारच. मी मीटर घेऊन येते, दोघं मिळून शोधू."

"नको."

"पण का?"

"चालतंय न्हवं? चालू दे." ते जरा थांबले. "शोधू नकोस, बाई."

मला राग आला. वाटलं, मी त्यांच्या कामात नाक खुपसते म्हणून यांना खटकतंय. सरळ दुरुस्ती करायची सोडून दरवेळी नवा फ्यूज घालायचा, ही कसली रीत? आप्पा परत आले. त्यांच्या हातात दोन पानं होती. एक त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेवलं. काकांनी ते उचललं नाही, पण ढकललंही नाही. आम्ही निघालो तेव्हा ते तिथेच होतं.

पुढे मला प्रवेश मिळाला, मग सांगलीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी. सुट्टीत घरी आले की कळायचं, गाडीचा हॉर्न मध्ये परत गेला होता. मी विचारणं सोडून दिलं. मग हायवे रुंद झाला. तिट्ट्यावरची दुकानं उठली. काका चाकणला मुलाकडे गेले. कुणाला सांगून गेले नाहीत. निदान आम्हाला तरी नाही. आईनं फोनवर सांगितलं, "सकाळी हॉर्न दाखवायला म्हणून गेले होते. अर्ध्या तासात परत. तिथं नुसता मुरूम टाकलाय म्हणे. मग आपणच काहीतरी केलं आणि वाजायला लागला हॉर्न."

मी काकांच्या पुतण्याकडून नंबर मिळवला आणि आप्पांच्या मोबाईलमध्ये घालून दिला. पुढच्या खेपेला विचारलं, "लावला का फोन?"

"फोनवर काय दाखवू त्याला?" आप्पा म्हणाले.

आप्पा तिट्ट्यावरून तसेच परत आले त्या दिवसानंतर आमच्या गाडीचा एकही फ्यूज उडाला नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. तशी ती आलीही असेल. पण घरापासून लांब असताना माणूस वायरिंगचा फारसा विचार करत नाही.

गेल्या वर्षी आप्पांची नजर अधू झाली आणि गाडी विकायचं ठरलं. शिरोळकडचा एक भाजीवाला पोरगा बघायला आला. चौकस होता. टायर बघितले, वाकून चासी बघितली, म्हणाला, "रंग काय टिकलाय हो चासीचा!" मग त्यानं डॅशबोर्डचा खण उघडला, आत चाचपलं आणि तंबाखूची एक जुनी पत्र्याची डबी काढली. हलवली तर खळखळली. उघडली. आत काचेचे फ्यूज होते, डबी भरून.

"बाप रे," तो म्हणाला. "एवढे फ्यूज उडतात? मग वायरिंगमधी लफडं हाय, काका. विचार करावा लागंल मला."

"थांब," मी म्हणाले आणि आतून मीटर आणला. वायरिंग चांगलं आहे, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः ते इंचाइंचानं तपासलं होतं. डबीतला पहिला फ्यूज घेऊन दोन्ही टोकांना पिना लावल्या. तार शाबूत असेल तर मीटर शिटी देतो.

शिटी वाजली.

दुसरा घेतला. शिटी. तिसरा. मग एकेक करून सगळे. प्रत्येक वेळी तीच बारीक, सरळ शिटी. आई दारात येऊन उभी राहिली होती. शेवटचा फ्यूज मी डबीत ठेवला. त्यांतला एकही उडालेला नव्हता.

"सगळे चांगलेच हायत की," पोरगा म्हणाला. "मग काढले कशाला?"

मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी माझ्या हातून डबी घेतली, झाकण लावलं आणि शर्टाच्या खिशात टाकली. मग खिडकीतून हात आत घातला, चाचपत स्टेअरिंगचा मधला भाग शोधला आणि हॉर्न दाबला. दोनदा.

"वाजतोय न्हवं?" ते म्हणाले. "मग झालं तर."